चेंबर उघडा, मग नकाशा बघू

(वाचकांच्या पाणी आणि ड्रेनेजविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देणारे आमचे 'काका' एकतीस वर्षं एका नगरपालिकेत या खात्यात होते. उपअभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर ते नाशिकला राहायला आले.)

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका कॉलनीत बत्तीस वर्षं राहतोय. आमच्या गल्लीत चोवीस बंगले होते. त्यातले चौदा पाडून तिथे सहा-सात मजली इमारती झाल्या. दोन वर्षांपासून आमच्या फाटकासमोरचं चेंबर महिन्यातून दोनदा तरी तुंबतं आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. आता गल्लीत नवी ड्रेनेजलाइन होणार असं ऐकतो. आम्ही आठ-दहा जणींनी ठरवलं की काम सुरू व्हायच्या आधी नीट माहिती घ्यायची. पण आमच्याच शेजारचे एक इंजिनिअर म्हणाले, 'काकू, हे टेक्निकल असतं, तुम्ही फक्त मोठा पाइप मागा.' किती मोठा मागायचा? आणि आम्ही आणखी काय बघायचं?
– एक वाचक, गंगापूर रोड

ताई, मोठा पाइप मागू नका. का ते सांगतो. आधी एक कबुली देतो. संपादकांकडून पत्ता घेऊन मी तुमच्या गल्लीत येऊन गेलो. नेमकी त्याच सकाळी जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चोकअप काढणारी, गाडी आली होती, त्यामुळे मला आयतंच बघायला मिळालं. तुमच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण सब्बलीने उचललं. झुरळांची फौज बाहेर पडली आणि खाली पाणी काठोकाठ, काळं, वर साबणाचा फेस, अजिबात न हलणारं. पुढचं चेंबर उघडलं, तेही भरलेलं. त्याच्या पुढचं, वळणावरचं, उघडलं तर आत तळ दिसत होता. म्हणजे चोकअप दुसऱ्या आणि तिसऱ्या चेंबरच्या मध्ये. भरलेलं आणि कोरडं यांच्या मध्येच ते सापडतं, एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुढच्या वेळी तक्रार लिहिताना 'ड्रेनेज तुंबलंय' एवढंच न लिहिता नेमकी जागा लिहाल.

गाडीवरच्या माणसाने नळी आत सोडली, दहा मिनिटांत पाणी गडगडत गेलं. तळाशी जे उरलं ते दोन घमेली भरून बाहेर काढलं. बारीक खडी, रेती, सिमेंटचे खडे. तो म्हणाला, 'काका, हे चेंबर आम्हाला पाठ झालंय. दर वेळी याच तुकड्यात, दर वेळी रेतीच.' माझ्या लेखी त्या एका वाक्याची किंमत तुमच्या नव्या लाइनच्या अख्ख्या प्रस्तावाएवढी आहे. वळणाजवळ पाइप बसलाय, तिथे पोट पडलंय, आणि बांधकामांची रेती धुऊन येऊन त्या पोटात साठतेय. पण हे त्याच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेच नाही.

आता हिशेब करू. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानायचं, हे आपल्याकडे सगळीकडे चालणारं प्रमाण आहे. चोवीस बंगल्यांत पाच-पाच माणसं धरली तर १२० माणसं, रोजचं सांडपाणी तेरा हजार लिटर. आता चौदा इमारती, प्रत्येकी वीस फ्लॅट, फ्लॅटमागे चार माणसं आणि उरलेले दहा बंगले. साधारण ११७० माणसं, म्हणजे सव्वा लाख लिटर. जवळजवळ दहापट झालं! इथपर्यंत आलं की सगळे म्हणतात, बघा, पाइप लहान पडतोय.

पण थांबा. हे सव्वा लाख लिटर दिवसभरात विभागून जातात. सकाळी सगळे एकदम उठतात, म्हणून सरासरीच्या तिप्पट धरायचं. तेव्हा सेकंदाला साडेचार लिटरच्या आतच येतात. तुमच्या गल्लीतला जुना सहा इंची पाइप दीडशेला एक (दीडशे मीटरमागे एक मीटर) अशा उतारावर नीट टाकलेला असेल, तर पूर्ण भरून सेकंदाला बारा लिटर नेतो. म्हणजे तुमच्या चौदा इमारतींचं रोजचं पाणी त्याला जड नाही. (हा आकडा मी दोनदा तपासला, कारण मलाही आधी वाटलं होतं की पाइपच लहान असणार.)

मग पावसाळ्यात काय होतं? पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला पन्नास मिलिमीटरने पाऊस कोसळला, तर त्या एका गच्चीवरून सेकंदाला सात लिटर पाणी उतरतं. तुमच्या अख्ख्या गल्लीच्या सकाळच्या गर्दीपेक्षा जास्त, एका गच्चीवरून! आणि मी मान वर करून बघत गेलो तर चौदापैकी निदान पाच इमारतींचे गच्चीचे पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरकडे गेलेत. हे पाणी पावसाळी गटारात जायला हवं. हे तुम्ही आठ-दहा जणी छत्र्या घेऊन एका दुपारी मोजू शकता, त्याला कुठली पदवी लागत नाही.

आणि समजा मोठा पाइप टाकलाच. व्यास सहा इंचांचा बारा इंच केला की त्याच उतारावर पाणी दुप्पट नव्हे, सहापटीहून जास्त मावतं. ऐकायला छान वाटतं. पण उन्हाळ्यात त्या रुंद पाइपच्या तळातून तुमचं साडेचार लिटर पाणी बोटभर जाडीनं सरपटत जाणार आणि रेती मागे सोडत जाणार. ड्रेनेजच्या पाण्याला वेग लागतो, निदान दिवसातून एकदा तरी सेकंदाला साठ सेंटिमीटर, तरच पाइप आपला आपण धुतला जातो. शिवाय तुमचा बारा इंची पाइप पुढे चौकातल्या जुन्या नऊ इंचीत सोडला, तर तुंबणं फक्त पन्नास मीटर पुढे सरकेल, तिथल्या ताईंच्या फाटकासमोर. म्हणून पाइप वाढवायचा की नाही हे मागच्या गल्ल्या किती जोडल्यात आणि पुढे काय आहे यावर ठरतं. तुम्ही उतार मागा.

उतार कसा बघायचा? नाशिककराला लेव्हल कळत नाही असं कोण म्हणतं! गोदेला पूर आला की पहिला प्रश्न काय असतो? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. कोणी मीटर विचारत नाही, पण कमरेला लागलं म्हटलं की कोणत्या गल्लीतली दुकानं आवरायला घ्यायची हे जुन्या गावात सगळ्यांना कळतं. चेंबरची इन्व्हर्ट लेव्हल तेच सांगते. पाइपचा आतला तळ एका ठरावीक खुणेपासून किती उंचीवर आहे, एवढाच तिचा अर्थ. नकाशावर प्रत्येक चेंबरच्या शेजारी ती लिहिलेली असते. चार नंबरच्या चेंबरला ९८.४२ आणि पाच नंबरला ९८.२२ लिहिलं असेल आणि मध्ये तीस मीटर अंतर असेल, तर वीस सेंटिमीटरचा उतार, म्हणजे दीडशेला एक. वजाबाकी येते ना? मग वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत करत जा. कुठे आकडा वाढला, किंवा दोन चेंबरना सारखाच आकडा दिसला, की तिथे बोट ठेवा. आणि सगळ्यात शेवटचा आकडा, जिथे तुमची लाइन मोठ्या लाइनला मिळते तिथला, तो नक्की बघा. मोठ्या लाइनच्या तळापेक्षा तुमचा तळ खाली असेल तर पाणी उलटं येणार. या चुका कागदावर खोडरबराने निघतात, रस्ता झाल्यावर ब्रेकरने.

मला हे इतकं पोटतिडकीने का सांगावंसं वाटतं, त्याला कारण आहे. १९९१ साली मी नवाकोरा कनिष्ठ अभियंता होतो, एका तालुक्याच्या गावी. डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण, लावून एका पेठेतली लाइन मीच आखली. कोपऱ्यावर एक आजी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसायच्या. दोन दिवस त्यांनी आमची धावपळ बघितली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'बाबा, मी रोज सडा टाकते. पाणी देवळाकडं जातं. तू उलटं का मांडतोयस?' मी हसलो. डोळ्यासमोर दुर्बीण, हातात वही, आजींच्या सड्याचं काय घेऊन बसायचं! लाइन टाकली, खड्डे बुजवले, आणि पंधरा दिवसांत आजींच्याच दारात चेंबर उसळलं. वही काढून बघतो तो काय, पट्टीवर वाचलं होतं १.६२ आणि लिहिलं होतं १.२६. छत्तीस सेंटिमीटरची चूक, दोन आकड्यांची अदलाबदल. तेवढा तुकडा पुन्हा खोदला. मला लेखी ताकीद मिळाली ती योग्यच होती. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर मी कोथिंबीर दुसरीकडून घ्यायला लागलो.

तर तुमच्या पुढच्या कामाचं. एस्टिमेट मंजूर व्हायच्या आधीची वेळ महत्त्वाची. निविदा निघाल्यावर बदल म्हणजे 'वाढीव काम', आणि वाढीव काम म्हटलं की पैसा आणि महिने दोन्ही वाढतात. राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना कागदपत्रं बघता येतात, माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. दोघी-तिघी मिळून जा, एकीनं बोलायचं आणि एकीनं लिहून घ्यायचं. तिथे काम नाही झालं तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज करा, पण 'ड्रेनेजची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. त्या गल्लीच्या कामाचा नकाशा, इन्व्हर्ट लेव्हलसकट एल-सेक्शन (लाइनचा लांबीभरचा उभा छेद), एस्टिमेट, आणि त्या भागातल्या गेल्या दोन वर्षांच्या जेटिंगच्या नोंदी, असं नेमकं मागा. निविदा निघाली असेल तर महाटेंडर्सच्या सरकारी संकेतस्थळावर तिची कागदपत्रं कोणालाही उघडता येतात. त्यासाठी ठेकेदार असावं लागत नाही.

एस्टिमेटमध्ये खोदाईच्या ओळी वाचा. मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक अशा चार प्रतवाऱ्या असतात आणि प्रत्येकीचा दर वेगळा. आपलं गाव बेसाल्टवर बसलंय, त्यामुळे खडक लागणार हे खरंच. पण किती खोलीवर लागणार? तुमच्या गल्लीत चौदा इमारतींचे पाये खोदले गेले तेव्हा तुम्ही गॅलरीत उभ्या होतात. कुठे ब्रेकर महिनाभर धडधडत होता आणि कुठे जेसीबीने लोण्यासारखं काढलं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? ते एका कागदावर लिहून द्या. माझ्या नोकरीत असा कागद मला एकदाही कोणी आणून दिला नाही. दिला असता तर मी चहा पाजला असता.

काम झाल्यावर, माती ढकलायच्या आधी, आरशाची चाचणी बघायला मागा. एका चेंबरमध्ये विजेरी धरायची आणि दुसऱ्यात आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल प्रकाश दिसतो. अर्धचंद्र दिसला तर पाइप कुठेतरी बसलाय किंवा उचललाय. आमच्या वेळी नवे पर्यवेक्षक या चाचणीला 'चंद्रदर्शन' म्हणायचे. हे सगळं वरून, चेंबरच्या काठावरूनच होतं. आत कोणी उतरायचं नाही. चोकअप काढायलाही माणूस आत सोडायचा नाही, सोसायटीच्या खासगी चेंबरमध्येसुद्धा नाही. २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाला तर भरपाई तीस लाख केली आहे. आतला वायू दिसत नाही, वासही काही क्षणांतच कळेनासा होतो. सेक्रेटरी म्हणाले 'पाचशे रुपये दिले की एक पोरगा उतरतो', तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

प्रश्न : पंचवटीत आमच्या वाड्यात सकाळी नळ आला की पहिली पाच मिनिटं पिवळसर, वासाचं पाणी येतं, मग स्वच्छ होतं. शेजारच्या वाड्यात असं होत नाही. गल्लीत नुकतंच खोदकाम झालं होतं. काय समजायचं?
– एक वाचक, पंचवटी

शेजारी होत नाही, हे तुम्ही लिहिलंत म्हणून अर्धं काम झालं. दोष मुख्य लाइनमध्ये असता तर सगळ्यांकडे वास आला असता. तुमच्या घराकडे येणारी नळजोडणी तपासा. जुन्या वाड्यांत ती लोखंडी असते आणि पुष्कळ वेळा गटारातूनच आलेली असते. पाणी चालू असताना पाइपमध्ये दाब असतो, घाण आत येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि गंजून पडलेल्या भोकातून तो बाहेरचं पाणी ओढतो. दुसऱ्या दिवशीचं पहिलं पाणी म्हणजे रात्रीची ही ओढ. कोणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. मोटर तुमचीच नाही ना, हे आधी बघा. रागावू नका, दहापैकी चार वेळा निघते.

खोदकामात पाइपला धक्का लागून तडा गेला असेल, हेही शक्य आहे. पाण्याची लाइन वर आणि ड्रेनेजची खाली, दोन्हींत अंतर राखून, हा नियम आहे. पण अरुंद गल्लीत ठेकेदाराची माणसं जागा मिळेल तशी नळी वळवतात. दोन स्वच्छ बाटल्या घ्या, एकीत पहिलं पाणी भरा, दुसरीत दहा मिनिटांनंतरचं, वर वेळ लिहा आणि दोन्हींची ओ.टी. चाचणी करून मागा. औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं पडतं. नळावर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. पहिल्या बाटलीत रंगच आला नाही आणि दुसरीत आला, तर वादाला जागा उरत नाही. तोवर पहिलं पाणी झाडांना घाला आणि पिण्याचं उकळून घ्या. नळजोडणी बदलावी लागली तर वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून बदला, आणि गटाराच्या वरून न्या.

प्रश्न : मी सिडकोत राहतो, वय २६. निवडणूक झाली, नगरसेवक आले. आता आमच्या भागातल्या पाणी-ड्रेनेजच्या कामात आमच्यासारख्यांनी कुठे घुसायचं? सगळे म्हणतात महासभेत ठरतं.
– एक वाचक, सिडको

महासभेत हात वर होतात. त्याआधीची एक जागा आहे, प्रभाग समिती. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत ती असलीच पाहिजे, असं ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितलं. आपल्या महापालिका अधिनियमाच्या २९अ कलमात तिची कामं दिली आहेत, आणि त्यातलं पहिलंच काम आहे पाणीपुरवठा, ड्रेनेज, स्वच्छता आणि पावसाळी पाण्याचा निचरा यांच्याबाबतच्या सामाईक तक्रारी लवकर सोडवणं. दुसरं, प्रभागातल्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जायच्या आधी त्यावर शिफारस करणं. वाच परत : जायच्या आधी. आणि त्या समितीवर भागात काम करणाऱ्या संस्थांमधले तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय आहे. तुझं मंडळ नोंदणीकृत आहे का? असेल तर उद्याच कामाला लाग. नसेल तर गणपतीच्या आधी नोंदणी करून घे, वर्गणीलाही बरं पडतं.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६, जवळपास चार वर्षं आपल्याकडे प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. या काळात समितीत बसून प्रश्न विचारायची सवयच मोडली. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभाही आहे, मतदान केंद्रांच्या पातळीवरची गावसभाच म्हणा ना. तुझ्या नगरसेवकाला विचार, ती कधी घेणार? हसत विचार, पण लेखी विचार आणि पोच घे.

एक लक्षात ठेव, पाणी किती मिळणार हे मात्र प्रभागात ठरत नाही, महापालिकेतही नाही. गंगापूर धरणात आज मावतं ५,६३० दशलक्ष घनफूट. त्यातलं शहराला किती, शेतीला किती आणि खाली जायकवाडीला सोडायचं का, याची गणितं १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर जलसंपदा खात्यात होतात. प्रभाग समितीत कोणी 'धरण भरलंय मग कपात का' म्हणून टेबल बडवायला लागला, तर त्याला बडवू दे. तू तोवर कोणत्या जलकुंभावरून कोणत्या गल्लीला किती वाजता व्हॉल्व उघडतो त्याचं वेळापत्रक माग. व्हॉल्वमनशी ओळख ठेव. टाकीचं खरं वेळापत्रक त्याच्या खिशातल्या डायरीत असतं.

प्रश्न : सिंहस्थासाठी मलजल शुद्धीकरणाची मोठी कामं चालली आहेत. आम्ही तपोवनाजवळ राहतो. नदी खरंच स्वच्छ झाली हे आमच्यासारख्या साध्या माणसाने कशावरून ओळखायचं?
– एक वाचक, तपोवन

मे महिन्यात नासर्डीच्या किंवा वाघाडीच्या पुलावर जाऊन उभे राहा. पाऊस नाही, तरी नाल्यात काळं पाणी वाहतंय, तर ते कुणाच्या तरी घरातलं आहे. उताराने पाणी जावं म्हणून मोठ्या ड्रेनेजलाइन नाल्यांच्या काठानेच टाकतात. त्या कुठे फुटल्या, तुंबल्या की पाणी शेजारच्या नाल्यात उतरतं आणि शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचतच नाही. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर, पिंपळगाव खांब, यातलं कुठलंही केंद्र कितीही आधुनिक केलं तरी जे तिथे आलंच नाही ते शुद्ध कसं करणार? म्हणून एकाच पुलावरून, दर महिन्याच्या एक तारखेला, एकाच जागेवरून मोबाइलवर फोटो काढा. वर्षभराचे बारा फोटो एका कागदावर चिकटवा. मुंबई उच्च न्यायालयात गोदेच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ पासूनची आहे. तिच्यातही शेवटी विषय याच नाल्यांपाशी येतो.

दुसरं थोडं चोरट्या बुद्धीचं सांगतो. जुनी केंद्रं हवेशिवाय, बंद टाक्यांत जिवाणूंकडून पाणी साफ करून घेणारी आहेत. त्यांना वीज कमी लागते आणि वास जास्त येतो, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्वी बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यात उरलेल्या कुजणाऱ्या घाणीचं माप, तीसपर्यंत चालायचा. एप्रिल २०१९ च्या हरित लवादाच्या आदेशानंतर दहाची अपेक्षा आहे. ते साधायला पाण्यात सतत हवा सोडावी लागते, म्हणजे ब्लोअर, म्हणजे विजेचं बिल. तपासणीचे अहवाल मागाच, पण त्याबरोबर केंद्राची महिनावार विजेची युनिटंही मागा. पाणी तेवढंच आलं आणि युनिटं निम्मी झाली, तर त्या महिन्यात ब्लोअर झोपले होते.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरातल्या अमृतस्नानांच्या गर्दीसाठी कायमचं केंद्र अवाच्या सवा मोठं बांधलेलं मला आवडत नाही. जिवाणूंना रोज खाणं लागतं. पर्वणीला पंगत आणि वर्षभर उपास, असं केलं की ते मरतात. गर्दीच्या दिवसांना फिरती शौचालयं आणि टँकर बरे. गर्दी ओसरल्यावर कोणती मशिनं चालू आहेत आणि कोणत्या शेडला कुलूप आहे, हे २०२८ च्या उन्हाळ्यात तुम्ही जाऊन बघून मला लिहाल का?

प्रश्न : काका, मुलीच्या कानातलं बेसिनमध्ये पडलं. चेंबर उघडून शोधता येईल का? – एक आई, देवळाली गाव

चेंबरपर्यंत गेलंच नसेल. बेसिनच्या खाली बाटलीसारखा जो प्लास्टिकचा ट्रॅप असतो, त्याचा तळ हाताने फिरवून उघडतो. कानातलं बहुधा तिथंच बसलंय. खाली बादली ठेवा, आणि उघडल्यावर त्यातलं पाणी वरच्याच बेसिनमध्ये ओतू नका. मी ओतलं होतं, आणि आमच्या हिच्या साडीवर पडलं होतं.